शिरेचे दुखणे आणि गोळीचा हिशेब



मावळात आवणी आटोपली, की दवाखान्यांतल्या बाकांवर एक ठरावीक गर्दी दिसू लागते. साठी-सत्तरीची माणसे, त्यांत बायका अधिक. एक हात कमरेवर, दुसरा गुडघ्यावर. काय होतंय म्हणून विचारावे, तर उत्तर ठरलेले : "शीर धरलीया. कुल्ल्यापासनं पोटरीपर्यंत नुसती आग हाय." दोन-तीन आठवडे खाचरात ओणवे राहून इंद्रायणीची रोपे लावलेली असतात. पाठीवर पूर्वी इरले असे, आता प्लॅस्टिकचा कागद असतो. पाऊस आणि वाकणे मात्र तेच. मग पाठ दुखणारच, असे आपण म्हणतो आणि गोष्ट तेथे सोडून देतो.

आज ती तेथे सोडायची नाही. या माणसांपैकी काहींचे दुखणे केवळ श्रमाचे नसते. त्यांचा पाठीचा कणा उतारवयात एका बाजूला कललेला असतो आणि त्या कलण्यात शीर सापडलेली असते. असले दुखणे चार दिवसांत जात नाही. त्यासाठी महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे गोळ्या घेतल्या जातात. त्या गोळ्या कोणत्या, त्यांनी गुण किती येतो आणि त्यांची किंमत शरीर कोठे मोजते, एवढ्यापुरतेच मला बोलायचे आहे. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. परंतु घरात हे दुखणे जवळून पाहिले आहे, आणि या दुखण्यात जमाखर्चाचा भाग एवढा मोठा आहे, की त्यावर मास्तरानेही बोलायला हरकत नसावी.

कणा कलणे म्हणजे काय, ते आधी पाहू. म्हातारपणी माणूस पुढे वाकतो, ते आपल्या परिचयाचे आहे. हे वाकणे निराळे. हे बाजूला असते. पोलक्याचा एक खांदा सारखा घसरतो. लुगड्याचा काठ एका पायावर खाली लोंबतो. शिंपी माप घेताना म्हणतो, "आजी, जरा सरळ उभ्या राहा," आणि आजी म्हणते, "सरळच उभी हाय की रं!" अशा माणसाला पुढे ओणवे व्हायला सांगून मागून पाहिले, तर पाठीची किंवा कमरेची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसते. न्यूयॉर्कच्या जॉन कॉब नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली क्ष-किरणांच्या चित्रावर हा कल मोजण्याची रीत घालून दिली, आणि आजही डॉक्टर तीच वापरतात. कोन दहा अंशांवर गेला, की त्याला 'स्कोलिओसिस' म्हणतात. दवाखान्याच्या कागदावर हा शब्द वाचून घरची मंडळी हबकतात. तेवढे हबकण्याचे कारण नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत साठीच्या पुढच्या ७५ धडधाकट माणसांची चित्रे काढली, तेव्हा त्यांतल्या ६८ टक्क्यांचे कणे दहा अंशांहून अधिक कललेले निघाले. तेव्हा चित्रातला कल म्हणजे दुखणे नव्हे. कल पुष्कळांना असतो, त्रास थोड्यांना होतो.

तो का होतो? मणके एकावर एक रचलेले असतात आणि दोहोंच्या मध्ये गादी असते. वय झाले, की गादी सुकते, बसते. ती एका बाजूला जास्त बसली, की वरचा मणका त्या अंगाला कलतो. प्रत्येक जोडीच्या दोन्ही अंगांना एकेक झरोका असतो आणि त्यातून पायाकडे जाणारी शीर बाहेर पडते. ज्या बाजूला कणा मिटतो, त्या बाजूचा झरोका अरुंद होतो. दार बोटावर मिटावे तसे ते होते, आणि कळ मात्र दारापाशी नव्हे, तर खाली पोटरीत, घोट्यात, अंगठ्यात जाणवते. पाय दुखतो म्हणून पायाला तेल चोळत बसणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

येथे भाषेचीही एक अडचण आहे. आपल्या बोलीत 'शीर' हा शब्द रक्तवाहिनीलाही चालतो आणि मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या मज्जातंतूलाही. त्यामुळे शीर 'मोकळी' करून देणारे, शीर 'चढली' म्हणून पाय ओढणारे गावोगाव आढळतात. या दुखण्यातली शीर म्हणजे मज्जातंतू, आणि तो चोळून मोकळा होत नाही. स्नायूंचे दुखणे आणि शिरेचे दुखणे यांत फरक ओळखू येतो. स्नायू ठणकतो, शेक दिला, रात्रभर झोप झाली, की उतार पडतो. शिरेचे दुखणे जळते, मुंग्या येतात, विजेचा झटका बसल्यासारखी कळ निघते, पायाखाली कापूस असल्यासारखे वाटते. आणखी एक खूण आहे. पुष्कळांना उभे राहिले, चालले, की कळ येते आणि बसले किंवा पुढे झुकले, की थांबते. कारण पुढे झुकल्यावर मागची वाट थोडी रुंदावते. म्हणूनच एखादी आजी खाचरात ओणवी असताना तासभर तक्रार करीत नाही, आणि बांधावरून ताठ चालत घरी निघाली, की दर पन्नास पावलांवर बसते. सुना म्हणतात, कामाला बरी आणि चालायला आजारी! तसे नसते. तिचे दुखणेच तसे आहे.

आयुर्वेदात कुल्ल्यापासून पायात उतरणाऱ्या या कळेला 'गृध्रसी' म्हणतात. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. या नावावरून मला एक दुसरी हकीकत सांगायची आहे, कारण तिचा आपल्या गोळीशी थेट संबंध आहे.

आपल्या लहानपणी मेलेल्या जनावराभोवती गिधाडे उतरत, ती हल्ली दिसत नाहीत. १९९० नंतरच्या दीड दशकात भारतातल्या काही जातींची गिधाडे शंभरातली नव्याण्णव नाहीशी झाली. कारण सापडत नव्हते. २००४ साली पाकिस्तानातील संशोधनातून ते उघडकीस आले. गुरांच्या अंगदुखीवर, तापावर 'डायक्लोफेनॅक' नावाचे औषध देत असत. असे जनावर मेल्यावर ते गिधाडांनी खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे बंद पडत. २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. माणसांसाठीच्या इंजेक्शनाच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात, म्हणून २०१५ साली त्याही बंद केल्या. २०२३ साली 'अॅसिक्लोफेनॅक' हे भावंडही जनावरांसाठी बंद झाले, कारण शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफेनॅकच बनते.

आता, ही दोन्ही नावे आपल्या घरातल्या गोळ्यांच्या पाकिटांवर पाहा. पाठदुखीवर जी गोळी हातात पडते, तीत बहुधा यांपैकी एक असते. माणूस म्हणजे गिधाड नव्हे; तरण्याताठ्या माणसाने पाय मुरगळल्यावर चार दिवस ही गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतली, तर बहुधा काही बिघडत नाही. पण सत्तरीच्या माणसाने ती चार-चार महिने घेणे ही निराळी गोष्ट. उतारवयात मूत्रपिंडाकडे रक्त पुरेसे जावे म्हणून शरीर काही द्रव्ये तयार करते, आणि ही गोळी नेमकी तीच द्रव्ये तयार होऊ देत नाही. शिवाय पोटात व्रण होऊन रक्त जाते, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. ज्यांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारे औषध चालू आहे, त्यांच्या मूत्रपिंडाला तर तिहेरी मार बसतो. त्यातच जुलाब झाले किंवा उन्हात पाणी प्यायले नाही, म्हणजे पुरे.

आणि एवढे करून शिरेच्या दुखण्यावर तिचा गुण बेताचाच. ही गोळी सूज उतरवते. शिरेची कळ सुजेमुळे थोडीफार असेल. पुढे पुढे मात्र तंतूच चाळवलेला असतो आणि विनाकारण कळ पाठवीत राहतो. तेथे ही गोळी पोहोचत नाही.

तेथे पोहोचावीत म्हणून जी औषधे देतात, ती मुळात दुखण्याची नव्हेतच. 'गॅबापेंटिन' हे फिटचे औषध म्हणून अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले. 'प्रेगाबालिन' हे त्याचे धाकटे भावंड. 'अॅमिट्रिप्टिलिन', 'नॉरट्रिप्टिलिन' आणि 'ड्युलोक्सेटिन' ही उदासपणावरची. म्हणून पाकिटातला कागद वाचून कोणी शिकलेला नातू म्हणतो, "आजीला डॉक्टरांनी वेडाची गोळी दिली!" आणि आजी ती चुलीत टाकते. तसे समजू नये. चाळवलेल्या तंतूतून मेंदूकडे जाणारे निरोप ही औषधे कमी करतात, आणि दुखण्यासाठी त्यांची मात्राही पुष्कळदा बरीच लहान असते.

पण गुण किती? येथे हिशेब स्वच्छ ठेवला पाहिजे. २०१५ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी' या नियतकालिकात निरनिराळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्याचा सारांश असा, की प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिन सात-आठ जणांना द्यावे, तेव्हा नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा एका अधिक माणसाचे दुखणे निम्म्यावर येते. अॅमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या औषधांत चौघांमागे एक. त्यातही हे आकडे मधुमेहाने जळणारे पाय, नागिणीनंतरची आग अशा दुखण्यांवरून मुख्यतः आलेले आहेत. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेवर ऑस्ट्रेलियात २०९ रोग्यांवर प्रेगाबालिनचा प्रयोग झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी गोळी घेणारे आणि दिखाऊ गोळी घेणारे यांच्या दुखण्यात फरक दिसला नाही. चक्कर मात्र खरी गोळी घेणाऱ्यांना अधिक आली.

मग ही औषधे घेऊच नयेत काय? मी तसे म्हणत नाही, आणि मी भेटलेल्या डॉक्टरांपैकीही कोणी तसे म्हणाले नाही. एखाद्याला ती खरोखर लागू पडतात, आणि तो एक कोण, हे आधी सांगता येत नाही. म्हणून गोळी सुरू करताना ती उधारीवर आणलेली आहे, असे समजावे. चार ते सहा आठवड्यांची मुदत डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मुदतीनंतर हिशेब करावा. गुण नसेल, तर बंद करण्याविषयी आपणच विचारावे. हल्ली होते ते असे, की गोळी एकदा सुरू झाली की ती कागदावरून खाली उतरतच नाही. डॉक्टर बदलतात, कागद बदलतो, जुनी गोळी राहते आणि तिच्याशेजारी नवी येऊन बसते.

हिशेब कशाने करायचा? डॉक्टर विचारतात, "दहापैकी किती दुखतंय?" आमच्या म्हाताऱ्यांना हे दहा समजत नाहीत. आणे समजतात. दशमान नाणी आली १९५७ साली, पण दुखण्याच्या बाजारात आणा अजून चालतो. "दोन आणे फरक हाय," असे आजही लोक सहज सांगतात. तेव्हा सोळा आण्यांचे दुखणे दहा-अकरा आण्यांवर आले, तर औषध लागू पडले म्हणावे. आठ आण्यांवर आले, तर उत्तमच. पूर्ण शून्य होईल, या आशेवर मात्रा वाढवीत जाऊ नये. शून्य होत नाही. आणि नुसते आणेही पुरेसे नाहीत, कारण दुखणे मनाबरोबर चढते-उतरते. त्याच्या जोडीला एक चालण्याचे माप ठेवावे : न बसता मारुतीच्या देवळापर्यंत जाता येते काय? एस्टीच्या थांब्यापर्यंत? एकवीरेच्या पायऱ्या चढताना किती ठिकाणी बसावे लागते? देहूहून निघणाऱ्या पालखीबरोबर यंदा एक मजल तरी होते काय? दुखणे दोन आण्यांनी उतरले, पण माणूस दिवसभर पेंगत ओट्यावर पडून राहिला, तर तो फायदा नव्हे.

माझ्या आत्याबाई पवन मावळात राहतात. वय चौऱ्याहत्तर, वजन चाळीस किलो. कणा डावीकडे कललेला आहे आणि कळ डाव्या पायात. एका पावसाळ्यात त्यांनी दुकानातून मागवून सुजेची गोळी दिवसातून दोनदा, आषाढापासून दिवाळीपर्यंत घेतली. पायांवर सूज आली. रक्त तपासले, तर मूत्रपिंडाचा आकडा वाढलेला. ती गोळी बंद झाली. मग दुसऱ्या एका दवाखान्यात प्रेगाबालिन ७५ मिलिग्रॅम दोन वेळा सुरू झाले. चौथ्या रात्री मोरीकडे जाताना आत्याबाई कोलमडल्या. हाड मोडले नाही, हे नशीब. तिसऱ्या डॉक्टरांनी काय केले, तर कागदावर एक गणित केले. ते गणित मला फार आवडले, म्हणून सांगतो. शिक्षकांनी पेन्सिल घ्यावी.

लघवीवाटे शरीर जो कचरा टाकते, त्यातल्या क्रिएटिनिन नावाच्या द्रव्यावरून मूत्रपिंडाचे काम समजते. आत्याबाईंचा आकडा तोवर १.० वर उतरला होता. पुष्कळ प्रयोगशाळांच्या कागदावर १.० हा आकडा 'नॉर्मल' म्हणून येतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते, आणि चाळीस किलोच्या म्हातारीच्या अंगात स्नायू ते किती? कचराच कमी तयार होतो, म्हणून आकडा बरा दिसतो. १९७६ साली कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी यावर एक सोपी रीत मांडली. १४० मधून वय वजा करा : १४० उणे ७४, म्हणजे ६६. त्याला वजनाने गुणा : ६६ गुणिले ४०, म्हणजे २६४०. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन, म्हणजे येथे ७२ ने भागा : सुमारे ३७. बाई असेल तर त्याचे ८५ टक्के घ्या : ३१. आत्याबाईंची मूत्रपिंडे मिनिटाला सुमारे ३१ मिलिलिटर रक्तद्रव स्वच्छ करतात. आता पंचवीस वर्षांचा, सत्तर किलोचा गडी घ्या, क्रिएटिनिन तेच १.०. त्याचे उत्तर येते ११२. कागदावरचा आकडा एकच, आणि काम एकाचे दुसऱ्याच्या साडेतीनपट!

प्रेगाबालिन आणि गॅबापेंटिन ही औषधे जवळजवळ जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडाचे काम मंद असेल, तर सकाळची गोळी संपायच्या आत संध्याकाळची येते, आणि अंगात साठा वाढत जातो. प्रेगाबालिनच्या बाबतीत हे उत्तर साठच्या खाली आले तर मात्रा निम्मी, तिसाच्या खाली आले तर चौथाई, असा नियमच आहे. आत्याबाई तिसाच्या अगदी काठावर. जी मात्रा त्या गड्याला मध्यम, ती त्यांना दुपटी-चौपटीने लागत होती. चक्कर आली नसती तरच नवल. त्या डॉक्टरांनी २५ मिलिग्रॅमची एकच गोळी, रात्री अंथरुणावर बसल्यावर घ्यायची, अशी ठेवली. उशाशी विजेरी आणि खोलीत भांडे ठेवायला सांगितले. हातात काठी दिली. तीही कमरेच्या उंचीपेक्षा किंचित खाली, म्हणजे थोडे पुढे झुकून चालता येईल अशी. सहा आठवड्यांनी आत्याबाईंचा हिशेब असा होता : "सोळा आन्याचं धा आनं ऱ्हायलं. झोप लागती. देवळापर्यंत दोनदा बसावं लागायचं, आता एकदाच बसती." गोळीने किती आणे उतरवले आणि काठीने किती, हे मला सांगता येणार नाही.

इतर औषधांविषयी थोडक्यात सांगतो. अॅमिट्रिप्टिलिन स्वस्त आणि जुने. पण उतारवयात तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाची लघवी अडते, काचबिंदू असेल तर डोळ्याला धोका, आणि कधी कधी माणूस रात्री असंबद्ध बोलू लागतो. म्हणून म्हाताऱ्यांना ते पुष्कळ डॉक्टर टाळतात, किंवा अगदी अल्प मात्रेत देतात. ड्युलोक्सेटिनने सुरुवातीला मळमळते, रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. ट्रॅमाडॉल हे अफूच्या गोत्रातले. २०१८ पासून सरकारने त्यावर अमली पदार्थांच्या कायद्याचा चाप लावला आहे. ते प्रेगाबालिनबरोबर घेतले तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. दारूचेही तसेच, संध्याकाळी 'थोडी' घेणाऱ्याने ते डॉक्टरांपासून लपवू नये. पॅरासिटामॉल शिरेच्या कळेवर फार चालत नाही. मात्र सांधे-स्नायूंची जोडीची ठणक त्याने थोडी कमी होते, आणि मूत्रपिंडाला ते त्या मानाने सौम्य. मात्र चाळीस किलोच्या माणसाने दिवसात ५०० मिलिग्रॅमच्या चारांहून अधिक घेऊ नयेत.

आपल्याकडे प्रेगाबालिन पुष्कळदा 'मिथिलकोबालामिन' घालून एकाच गोळीत विकतात. ते म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व. शरीरात त्याची उणीव असेल, तर ते भरून काढलेच पाहिजे, कारण उणिवेनेही पायांना मुंग्या येतात. माळकरी घरांत, दूधदुभतेही बेताचे असेल तेथे, ही उणीव होऊ शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांतही होते. पण त्यासाठी एकदा रक्त तपासावे. उणीव नसताना ते घेऊन दबलेली शीर सुटत नाही, आणि जोडगोळीत एकाची मात्रा कमी करायची झाली तर दुसऱ्याचीही होते. आणि कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांविषयी एवढेच सांगतो : अशा पुडीने दोन दिवसांत चमत्कार झाला, तर तीत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा. त्याने भूक लागते, कळ थांबते, आणि आतून हाडे पोकळ होतात. कललेल्या कण्याला त्याहून वाईट काय!

लोणावळ्याचे श्रोते विचारतील, गोळ्यांचे एवढे सांगता, मग योगासनांचे काय? प्रश्न योग्य आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्याआधी बडोद्यास त्यांनी उड्डियान आणि नौली करताना शरीरात काय घडते, हे क्ष-किरणांनी पाहिले होते. श्रद्धा असूनही मोजून पाहायचे, ही त्यांची वृत्ती मला गोळीच्या बाबतीतही हवीशी वाटते. व्यायामाने पाठीचे-पोटाचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, चालणे वाढते. तेवढा लाभ खरा. सत्तरीतला हाडांचा कल मात्र आसनांनी सरळ होत नाही, आणि हाडे ठिसूळ असतील तर कंबरेतून जोराने पुढे वाकण्याची आसने धोक्याची. जाणत्याला विचारून करावीत. शस्त्रक्रियाही आहे, ती पाय लुळा पडू लागला, किंवा चालणेच बंद होऊ लागले, तर. तो निर्णय ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात, घाई न करता घ्यावा.

गोळी बंद करण्याबद्दल एक सूचना राहिली. गुण नाही म्हणून, किंवा पाकीट संपले आणि पावसात वडगावला जाणे झाले नाही म्हणून, प्रेगाबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन एकदम सोडू नयेत. झोप उडते, घाम येतो, जीव घाबरा होतो, फिटचा रोगी असेल तर फिट येते. निदान आठवडाभर, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे कमी करीत जावे. मावळातल्या पावसाचा अंदाज घेऊन आषाढ लागण्यापूर्वी महिन्याच्या गोळ्या घरात असाव्यात. जनऔषधी दुकानात हीच औषधे मूळ नावाने पुष्कळ स्वस्त मिळतात. पाकिटाचा रंग बदलला, म्हणजे औषध बदलले असे नव्हे.

शिक्षकमंडळींना एक विनंती. गावात औषधाची नावे वाचता येणारे बहुधा तुम्हीच असता. आपल्या शाळेतल्या मुलांच्या आजी-आजोबांसाठी एकेक चिठ्ठी मराठीत लिहून द्या. चिठ्ठीवर वय आणि वजन. शेवटचे क्रिएटिनिन आणि त्याची तारीख. प्रत्येक गोळीचे मूळ नाव (दुकानी नाव नव्हे), किती मिलिग्रॅम, कधी घ्यायची, कशासाठी, आणि कोणत्या तारखेला तिचा हिशेब करायचा. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्याही त्याच चिठ्ठीवर लिहा, कारण पाठीच्या डॉक्टरांना त्यांची खबर नसते. वरच्या वर्गातील मुलांना ते मूत्रपिंडाचे गणितही घालायला हरकत नाही. वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि टक्केवारी, सगळे त्यात आहे. उत्तर साठच्या खाली आले, तर मात्रा आपण बदलायची नाही. उत्तर डॉक्टरांना दाखवायचे.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला ठळक अक्षरांत पुढील गोष्टी लिहा. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली. शौचाच्या जागेभोवती बधिरपणा आला. पाऊल उचलेना, चप्पल पायातून निसटू लागली. पडल्यानंतर पाठीत एकाएकी असह्य कळ उठली. यांपैकी एकही झाले, तर गोळी बदलून पाहत बसू नये. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेले वजन आणि रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी, ही त्रयी असेल, तर कण्याच्या क्षयाची किंवा आणखी गंभीर रोगाची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. पाय लुळा पडलेल्या किंवा लघवी अडलेल्या माणसाला मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ क्रमांक फिरवला, की सरकारी रुग्णवाहिका येते, आणि त्या फोनला पैसे पडत नाहीत.